हॅझार्ड दाबला की चालू इंडिकेटरही मरतो: तुर्भ्यातल्या एका जुन्या ट्रकचं प्रकरण

गाडी सहा चाकी मध्यम ट्रक, नोंदणी २००९ची, एमएच-१४ पासिंग. बारा व्होल्टची एकच बॅटरी, मागे लाकडी फळ्यांची बॉडी. धंदा नारायणगावहून टोमॅटो आणि कधीमधी मेथी-कोथिंबीर वाशीच्या बाजार समितीत आणायचा. तक्रार एवढीच की हॅझार्ड, म्हणजे चारही इंडिकेटर एकदम लुकलुकवायची सोय, लागत नाही. आमच्या गॅरेजमध्ये येण्याआधी फुकट बदललेलं सामान: दोन फ्लॅशर, म्हणजे दिवे लुकलुकवणाऱ्या डब्या. आमच्याकडे आल्यावर फुकट बदललेलं सामान: एक स्विच. हे शेवटचं वाक्य लिहायला जड जातं, कारण तो स्विच मी बदलला. पण प्रकरण लिहायचं म्हटल्यावर ते गाळून कसं चालेल?

मालकच ड्रायव्हर. वय साठीच्या आसपास, आमच्या गल्लीत सगळे त्यांना मामा म्हणतात. जुलैमधल्या एका रात्री माळशेज उतरून, मुरबाड आणि कल्याण मागे टाकून ते शीळफाट्याच्या थोडं अलीकडे पोचले आणि मागचा डावा बाहेरचा टायर बसला. अडीच वाजलेले, पाऊस लागून राहिलेला. अर्धी गाडी डांबरावर, अर्धी चिखलात. मामांनी हॅझार्डचं बटण दाबलं. टिक नाही, टाक नाही. मग जे बहुतेक ड्रायव्हर करतात तेच त्यांनी केलं. चावी चालू ठेवून उजवा इंडिकेटर लावला आणि क्लीनरला जॅक घेऊन खाली उतरवलं.

मागून येणाऱ्याला काय दिसतं ते बघा. एक ट्रक, त्याचा फक्त उजवा दिवा लुकलुकतोय. म्हणजे तो चालता आहे आणि उजवीकडे वळतोय. मागून आलेल्या टेम्पोवाल्याने तसंच धरलं आणि डावीकडून घुसवायला निघाला. डावीकडे क्लीनर चाकापाशी उकिडवा बसला होता. टेम्पोवाल्याने ब्रेक मारला, टेम्पो चिखलात फरफटत तिरका झाला आणि जॅकपासून हातभर अंतरावर थांबला. नंतर शिव्या झाल्या, बिडी झाली, आणि टेम्पोवाल्यानेच टॉमी (चाकाचे नट सोडवायचा लोखंडी दांडा) धरून टायर बदलायला मदत केली. लाल त्रिकोण सीटमागे होता, पण त्याचा एक पाय मोडलेला. शेवटी मागे चार दगड लावले आणि करंजाची फांदी आडवी टाकली.

सकाळी माल उतरवून अकराच्या सुमारास गाडी आमच्या दारात उभी राहिली. पासिंग पुढच्या महिन्यात होतं. आठ वर्षांपेक्षा जुन्या मालवाहू गाडीला फिटनेसचा दाखला दर वर्षी नव्याने घ्यावा लागतो आणि त्यात दिवे तपासतातच. पण मामांना त्या दिवशी पासिंगची काळजी नव्हती. क्लीनर त्यांच्या बहिणीचा मुलगा आहे.

मामांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, की गावाकडे एकाने फ्लॅशर बदलला, उपयोग झाला नाही, मग वाटेतल्या दुसऱ्याने तो नवा फ्लॅशर डुप्लिकेट निघाला म्हणून आणखी एक घातला. दुसरी गोष्ट त्यांनी जाता जाता सांगितली: "मिस्त्री, हॅझार्ड दाबला ना, की चालू इंडिकेटर पण मरतो बघा." दोन्ही दुकानांत त्यांनी हे सांगितलं होतं. एकाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं, दुसरा म्हणाला, वायरिंगमध्ये कुठेतरी शॉर्ट असेल.

शॉर्ट असता तर फ्यूज उडाला असता. मामांच्या या एका वाक्यात अर्धं निदान होतं, आणि ते कसं ते कळायला जुन्या गाडीतला हॅझार्डचा स्विच आतून कसा असतो हे माहीत पाहिजे.

या पिढीच्या गाड्यांत इंडिकेटर आणि हॅझार्ड यांना फ्लॅशर एकच असतो. टिकटिक करणारी ती एकच डबी. तिला करंट मात्र दोन वाटांनी मिळू शकतो. एक वाट चावीवरून येते, स्विचच्या मागे तिला १५ आकडा असतो. दुसरी थेट बॅटरीवरून, फ्यूजमधून येते, तिचा आकडा ३०. गाडी कुठल्याही कंपनीची असो, हे आकडे बहुतेक जुन्या स्विचांवर कोरलेले सापडतात. फ्लॅशरकडे जाणारी वायर ४९, फ्लॅशरमधून लुकलुकत परत येणारी ४९ए. हॅझार्डचं बटण वर असतं तेव्हा स्विच १५ला ४९शी जोडतो. म्हणजे रोजचा साधा इंडिकेटरसुद्धा हॅझार्डच्या स्विचमधूनच जातो, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. बटण दाबलं की तीन कामं एकदम होतात: १५ तुटतो, ३० जोडला जातो, आणि ४९ए डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना मिळतो.

आता मामांचं वाक्य पुन्हा वाचा. चावी चालू, इंडिकेटर लुकलुकतोय. म्हणजे फ्लॅशर ठीक, बल्ब ठीक, दांडीचा स्विच ठीक. बटण दाबलं की तोच इंडिकेटर मरतो. म्हणजे स्विचने १५ तोडला, हे त्याने आपलं काम केलं, पण त्या जागी ३०वरून काही आलं नाही. आणखी सोपं करून सांगायचं तर घरात एमएसईबीची लाइन गेली म्हणून चेंजओव्हर फिरवला आणि इन्व्हर्टरची बॅटरीच मेलेली निघाली. अशा वेळी कोणी पंखा बदलत नाही. या गाडीत दोनदा पंखा बदलला गेला होता.

फ्लॅशरवर संशय घ्यायला एक जागा आहे, तीही सांगतो. इंडिकेटरला एका वेळी एका बाजूचे बल्ब पेटतात, हॅझार्डला दोन्ही बाजूंचे. २१ वॉटचे चार म्हणजे ८४, बाजूच्या पाच-पाच वॉटच्या दोन दिव्यांचे १०, एकूण ९४ वॉट. बारा व्होल्टवर पावणेआठ ॲम्पिअर. स्वस्तातला फ्लॅशर चार ॲम्पिअर ओढतो आणि आठला मान टाकतो, असं मी पाहिलंय. पण तसा फ्लॅशर निदान एकदा तरी टिक करतो, किंवा चारही दिवे पेटून स्थिर राहतात. इथे पूर्ण शुकशुकाट होता.

तर संशयित उरले दोन. ३०ची वायर तिच्या फ्यूजसकट, आणि स्विचच्या आतला ३०चा कॉन्टॅक्ट.

इथवर माझा विचार बरोबर होता. चूक पुढे झाली.

फ्यूज बॉक्स डॅशबोर्डच्या खाली, डाव्या अंगाला. फ्यूज काढून बघितला, तार अखंड. परत बसवला. स्विच बाहेर ओढला, मीटरची एक सळई ३० नंबरच्या टोकाला, दुसरी केबिनच्या लोखंडी बॉडीला. आकडा आला १२.३. बॅटरीवर मोजलं तर १२.४. म्हणजे करंट स्विचपर्यंत येतोय, स्विच पुढे देत नाही. स्विच गेला. इतकं सरळ. मामांना म्हटलं, स्विच आणा. ते समोरच्या लाइनीतून सातशे रुपयांचा घेऊन आले. बसवला, दाबला. तेच. इंडिकेटर मेला, हॅझार्ड लागला नाही.

मग मी वायरिंगमध्ये शिरलो. ४९ची वायर फ्लॅशरपर्यंत तपासली, ४९एची परत आणली, कपलर सोडले, टोकं खरवडली. सगळं ठीक. दीड तास गेला. पावसाने गल्ली अंधारलेली, डॅशबोर्डखाली काही दिसेना. मी मान तिरकी करून म्हणालो, "मामा, जरा केबिनचा दिवा लावा."

"तो कुठला लागतोय, मिस्त्री? दोन वर्षं झाली. आपण मोबाइलची बॅटरी लावतो."

मी डॅशबोर्डखालून बाहेर आलो.

केबिनचा दिवा चावीशिवाय लागतो, म्हणजे तोही थेट बॅटरीवरच्या वाटेवर असतो. या गाडीत तो आणि हॅझार्ड एकाच फ्यूजवर होते. दोन वर्षांपूर्वी केबिनचा दिवा गेला त्याच दिवशी हॅझार्डही गेला असणार. हॅझार्डची लगेच गरज पडली नाही म्हणून तेव्हा कळलं नाही. मामांना वाटलं बल्ब गेला. बदलला नाही, कारण बल्बशिवाय अडत नव्हतं. मी ही गोष्ट सकाळी अकरा वाजता विचारायला हवी होती: मामा, गाडीत अजून काय काय लागत नाही? तक्रार घेऊन आलेला माणूस तक्रारीपुरतंच बोलतो. बंद पडलेल्या बाकीच्या गोष्टींची त्याला सवय झालेली असते.

पण मग मीटरने १२.३ कसं दाखवलं?

आमचा पोऱ्या, सहा महिन्यांपूर्वी आयटीआय करून आलेला, त्याच्याकडे टेस्ट लॅम्प होता. त्याने स्वतः बनवलेला: जुन्या टेल लॅम्पचा होल्डर, त्यात २१ वॉटचा सिंगल पॉइंट बल्ब, दोन वायरी, दोन चिमटे. मी त्याला हसलो होतो, इथे प्रत्येकाच्या खिशात एलईडी टेस्टर असताना हे धूड कशाला. त्याने एक चिमटा ३०ला लावला, दुसरा बॉडीला. बल्ब पेटला नाही. लालसर तारही दिसली नाही. तसाच चिमटा लावून ठेवून त्याच टोकावर मी मीटर धरला. १२.३ होते तिथे आता ०.२.

डिजिटल मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. त्याच्या आतला रोध १० मेगाओहमच्या घरातला. गंजलेल्या जोडातून कणभर करंट झिरपत असला तरी मीटरला पूर्ण व्होल्टेज दिसतं. नळाला फक्त थेंब येत असला तरी तोंडावर अंगठा दाबून धरला की हळूहळू पूर्ण दाब जाणवतो, पण बादली लावली की कळतं. २१ वॉटचा बल्ब म्हणजे बादली, पावणेदोन ॲम्पिअरची. एलईडी टेस्टर मीटरसारखाच फसतो, त्याला पेटायला काही मिलिअॅम्पिअर पुरतात. आधीच्या दोघांनी बहुधा त्याच टेस्टरने सप्लाय बघितला असावा आणि "करंट येतोय" म्हणून पुढे गेले असावेत. त्यांना नावं ठेवण्याच्या जागेवर मी आता नाही.

यात आणखी एक योगायोग होता. केबिनच्या दिव्याचा खटका बंद होता. तो चालू राहिला असता तर त्या दिव्याच्या बल्बनेच बादलीचं काम केलं असतं, मीटरवर पहिल्याच फटक्यात शून्याजवळचा आकडा आला असता आणि सातशे रुपये वाचले असते.

आता चोर कुठे बसलाय ते शोधायला पाच मिनिटं पुरली. टेस्ट लॅम्प ३०लाच लावून ठेवला, आणि मीटर व्होल्ट ड्रॉपसाठी, म्हणजे व्होल्टेज वाटेत कुठे हरवतं ते बघायला, तुकड्यातुकड्यावर धरला. बॅटरीपासून फ्यूज बॉक्सपर्यंत ०.१. फ्यूजच्या या पायापासून त्या पायापर्यंत शून्य. फ्यूजच्या पायापासून तो ज्या पत्र्यात बसतो त्या पत्र्यापर्यंत: १२.१. सगळं व्होल्टेज त्या दीड मिलिमीटरच्या जागेत अडकलं होतं.

फ्यूज बॉक्स सोडून उलटा केला. त्या एका खाचेतली पितळी पकड हिरवी झाली होती. आमच्या घरी आजी पितळेच्या पातेल्यात ताक राहिलं की म्हणायची, कळकलं. तसाच कळक, पण वरून जळलेला, आणि बाजूचं प्लास्टिक वितळून पकडीवर ओघळलेलं. शेजारच्या खाचा ठीक होत्या. हीच का? वर बघितलं तर काचेच्या रबराचा खालचा डावा कोपरा आकसून आत आला होता, आणि तिथून ओघळाची एक मळकट रेघ थेट या कोपऱ्यापर्यंत. माळशेजचा पाऊस तिरका मारतो. नवी मुंबईत गाडी खाडीच्या वाऱ्यात उभी राहते, इथल्या हवेत लोखंडी बोल्टसुद्धा दोन पावसाळ्यांत रंग बदलतो. दोन्हींनी मिळून काम केलं.

आणि माणसानेही. त्या खाचेत फ्यूज हिरवा होता, म्हणजे ३० ॲम्पिअरचा. डबीच्या झाकणावर तिथे १५ लिहिलेलं, म्हणजे निळा हवा. केव्हातरी फ्यूज उडाला असेल, कोणीतरी मोठा ठोकून दिला असेल. भार पावणेआठ ॲम्पिअर आणि केबिनच्या दिव्याचा थोडा, तिथे पंधराचा पुरून उरतो. जोड गंजला की तिथे रोध वाढतो, रोध वाढला की करंट जाताना तापतो, तापला की आणखी गंजतो. यात मोठा फ्यूज मदत करत नाही. वायर कुठे बॉडीला लागली तर मात्र तो वेळेवर उडत नाही आणि आधी वायर पेटते. भाजीच्या गाडीत पेंढा असतो, क्रेट प्लास्टिकचे असतात.

दुरुस्ती साधी होती. जळलेली पकड पॉलिश करून वापरायचा मोह झाला, कारण लागला असता आणि आठ दिवस चाललाही असता. पण पितळेची स्प्रिंग एकदा तापून मऊ झाली की फ्यूजला घट्ट धरत नाही. ती खाच कायमची सोडून दिली. ३०ची वायर मागे चांगल्या तांब्यापर्यंत कापली, झाकणवाला नवा फ्यूज होल्डर क्रिंप करून जोडला, वर श्रिंक स्लीव्ह, आणि होल्डर ओघळाच्या वाटेपासून दूर, उंचावर बांधला. निळा फ्यूज घातला.

केबिनचा दिवा लागला. बल्ब दोन वर्षं चांगलाच होता.

बटण दाबलं, चावी खिशात. टिक-टाक, टिक-टाक. मामा गाडीभोवती चक्कर मारून आले आणि म्हणाले, "लागला. पण मागचा उजवा जरा आजारी वाटतोय."

खरं होतं. मागचा उजवा इंडिकेटर मंद होता आणि त्याच्या तालावर शेजारचा लाल टेल लॅम्पही मिणमिणत होता, टेल लॅम्पचा स्विच बंद असताना. ज्याने हे एकदा पाहिलंय तो लांबूनच सांगतो: अर्थ, म्हणजे करंटची बॅटरीकडे परतायची वाट, गेलाय. दिव्याच्या डबीत इंडिकेटर आणि टेल लॅम्प यांची अर्थिंगची वाट एकच असते. ती तुंबली की इंडिकेटरचा करंट टेल लॅम्पच्या तारेतून उलटा शिरतो, टेल लॅम्पच्या वायरीवरून दुसऱ्या दिव्यांपर्यंत जातो आणि त्यांच्या अर्थमधून सुटतो. चाळीत एकाची मोरी तुंबली की पाणी शेजाऱ्याच्या मोरीतून वर येतं, अगदी तसं. मीटर दिव्याच्या बॉडीवर आणि बॅटरीच्या निगेटिव्हवर धरला तर दिवा पेटताना ३.८ व्होल्ट. तिथे ०.२च्या आत हवा.

जुन्या ट्रकच्या बाबतीत याचं कारण बहुतेक वेळा बॉडीत असतं. कंपनीतून चॅसी येते, मागची बॉडी मालक बांधून घेतो. बॉडीवाला दिवा लाकडावर किंवा रंगवलेल्या पट्टीवर बसवतो, अर्थ बोल्टमधून चॅसीला मिळेल असं धरून चालतो. पहिली काही वर्षं मिळतोही. मग त्यावर मेथीच्या जुड्यांचं पाणी रोज गळतं. आम्ही दिव्यापासून चॅसीपर्यंत स्वतंत्र वायर टाकली, चॅसीवरचा रंग खरवडून, बोल्ट कसून, वर ग्रीस. डाव्या बाजूलाही तीच वायर टाकली, न विचारता. आकडा ०.१ झाला.

आता डावीकडचं. हॅझार्ड लावला की सगळं नीट, पण साधा डावा इंडिकेटर लावला की घाईने लुकलुकायचा. पोऱ्याने घड्याळ लावून मोजलं, दहा सेकंदांत उजवा १४ वेळा, डावा २७ वेळा. मिनिटाला ६० ते १२० हा योग्य वेग, म्हणजे दहा सेकंदांत १० ते २०. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर एखादा बल्ब गेला असं वाटलं की मुद्दाम वेग वाढवतो, ड्रायव्हरला कळावं म्हणून. पण डावीकडचे सगळे दिवे पेटत होते. मागचा डावा बल्ब काढून त्याच्या पितळी गळ्यावरचं बारीक अक्षर वाचलं: २४ व्होल्ट, २१ वॉट.

आमच्या भागात ही चूक सहज होते. मोठ्या ट्रेलरला बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या, सिस्टीम चोवीसची. त्यांचे बल्ब आणि मामांच्या गाडीचे बल्ब एकाच काउंटरवर, बूड तेच, होल्डरमध्ये तसाच बसतो. क्लीनरने "सिंगल पॉइंट बल्ब द्या" म्हटलं, दुकानदाराने दिला. चोवीसचा बल्ब बाराला पेटतो, पिवळट पेटतो, आणि पावणेदोन ॲम्पिअरऐवजी जेमतेम अर्धा-पाऊण ओढतो. फ्लॅशरने तो बल्ब नाहीच असं धरलं आणि धावायला लागला. हॅझार्डमध्ये चार बल्बांचा एकत्र भार पुरेसा होत असल्याने त्याला संशय येत नव्हता. म्हणजे दोन फ्लॅशर बदलले गेले, दोन्ही फ्लॅशर डावीकडे ओरडून सांगत होते की बल्ब बघा, आणि कोणी बल्ब बघितला नाही.

हे तीन दोष एकमेकांशी संबंधित नव्हते. फ्यूजच्या पकडीने हॅझार्ड बंद पाडला होता, बाकीचे दोन त्याच्या आडोशाला राहत होते. जुन्या गाडीवर "एकच कारण सापडलं पाहिजे" या हट्टाने काम केलं की माणूस वेडा होतो. तक्रारीचं मूळ सापडल्यावर गाडीभोवती आणखी एक चक्कर मारायची, दिवे लावून, सावकाश. या वेळी ती चक्कर मामांनी मारली.

वाटेतल्या त्या दुसऱ्या दुकानदाराने मामांना एक उपाय सुचवला होता, त्याबद्दल चार ओळी, कारण तो उपाय सर्रास केला जातो. ३०ला करंट नाही ना, मग चावीवरच्या वायरीतूनच ३०ला एक तुकडा मारून द्यायचा. हॅझार्ड लागतो, गिऱ्हाईक खूश, दहा मिनिटांचं काम. पण मग तो चावी चालू असेपर्यंतच लागतो. गाडी रस्त्यात सोडून मेकॅनिक आणायला जायचं तर चावी गाडीतच ठेवायची का? आणि अपघातात चावीची वाट तुटली तर? हॅझार्ड थेट बॅटरीवर ठेवतात तो याच कारणासाठी. बॅटरी उतरेल ही भीती लोक घालतात, तिचा हिशेब सोपा आहे: ९४ वॉटचे दिवे, निम्मा वेळ पेटलेले, निम्मा वेळ विझलेले, सरासरी चार ॲम्पिअर. शंभर ॲम्पिअर-अवरची ठीकठाक बॅटरी रात्रभर सहज पुरवते.

मामांना मी विचारलं, दोन वर्षांत हॅझार्ड खरंच कधी लावावासा वाटला नाही का. ते म्हणाले, माळशेजच्या धुक्यात लावून बघायचे, लागत नसल्याने टेललॅम्पवर चालवायचे. हे उलट बरंच झालं म्हणायचं. घाटात चालत्या गाडीचा हॅझार्ड लावला की मागच्याला गाडी उभी आहे की चालतेय हे कळत नाही, आणि वळताना इंडिकेटर दाखवायची सोयच राहत नाही, दांडी कुठेही फिरवा, चारही दिवे एकत्रच लुकलुकणार. महापे चौकात "मी सरळ जातोय" हे सांगायला हॅझार्ड लावणारे तर रोज दिसतात. शेजारच्याला त्यातला एकच दिवा दिसतो आणि तो समजतो गाडी वळतेय. शीळफाट्यावर टेम्पोवाल्याचं जे झालं तेच, फक्त दिवसाढवळ्या.

हिशेब असा झाला. आधीच्या दोन फ्लॅशरचे साडेपाचशे मामांचे गेलेच. आमच्याकडे फ्यूज होल्डर, फ्यूज, एक बारा व्होल्टचा बल्ब, दोन अर्थ वायरी आणि क्रिंप टोकं मिळून दोनशे तीस रुपये. मजुरी पाचशे. नव्या स्विचचे सातशे मामांनी दिले होते. जुना स्विच परत बसवून बघितला, टेस्ट लॅम्पवर तो ठणठणीत निघाला. नवा काढून समोरच्या दुकानात परत करायला गेलो, तर दुकानदाराने टोकांवरचे ओरखडे बोटाने दाखवले आणि म्हणाला, "दादा, लावलेला माल कसा परत घेणार?" त्याचं बरोबर होतं. मी मजुरी सोडली आणि वरचे दोनशे मामांच्या हातावर ठेवले. ते घेईनात, मग क्लीनरच्या खिशात कोंबले.

काचेचं रबर बदलायला मामा तयार नव्हते, पावसाळ्यात काच काढायची नाही, गणपती झाल्यावर बघू म्हणाले. कोपऱ्यात सिलिकॉन भरून दिलं आणि फ्यूज बॉक्सवर टोमॅटोच्या क्रेटमधला प्लास्टिकचा कागद बांधला. गणपती होऊन गेले, दिवाळीही. पासिंग झालं. कागद अजून तसाच आहे, मी दर खेपेला बघतो. तो सातशेचा स्विच आमच्या फळीवर आहे, आणि पोऱ्याने त्याच्या बाजूच्या खिळ्याला आपला टेस्ट लॅम्प टांगलाय.